‘झालं’च्या डब्यातली इर्मेली

ओले कपडे वाळवायच्या कपाटाचं बटण टक् करून बंद झालं आणि रिकाम्या वर्गातली शांतता मोडली.

इर्मेलीने कपाट उघडलं. ओली लोकर, बर्फ आणि लेकरांचे हात यांचा मिळून एक कोमट वास आला. तिने केर्तूचे हातमोजे काढून गालाला लावून पाहिले. डाव्या अंगठ्याच्या टोकाला अजून ओल होती. अंगठा ओला असला की केर्तू अंगणात जात नाही, दारातच बसकण मारते. इर्मेलीने मोजे पुन्हा आत ठेवले आणि बटण फिरवलं.

"अगं, पुरे की आता! शुक्रवारनंतर कोण गालाला लावून बघणार आहे?" नूरा म्हणाली. नूरा त्या वर्गाची बाई. इर्मेली या शाळेत मदतनीस म्हणून लागली तेव्हा नूरा जन्मलीही नव्हती.

"माझ्या जागी येतेय ती पाइवी बघेल. सांगितलंय तिला."

"आणि तिने गाल पुढे केला नाही तर?"

"तर तू तुझा कर. दोन आहेत ना तुला?"

नूरा हसली, पण तोंड फिरवून.

निवृत्तीचं इर्मेलीला दुःख नव्हतं, निदान ती तसं म्हणायची. गुडघे कधीचे कुरकुरत होते. मुलांचे बर्फातले कपडे चढवायला खाली वाकलं की उठताना बाकाला धरावं लागे. तिच्या जिवाला घोर होता तो केर्तूचा. पोर आठ वर्षांची, बोलणं अगदी मोजकं. मागे वर्गातली दुसरी मदतनीस बाळंतपणाला गेली, तेव्हा केर्तू कितीतरी दिवस कोटांच्या खुंट्यांखाली बसून राहिली होती, तिच्या रिकाम्या खुंटीकडे बघत. आपलंच काही चुकलं म्हणून ती गेली, असं पोरीने मनाला लावून घेतलं असावं. तिला विचारता येत नव्हतं, आणि कोणी नुसतं सांगून तिला कळत नव्हतं. आपल्या जाण्याने पुन्हा तसं होऊ नये, एवढंच इर्मेलीला हवं होतं.

केर्तूला कळायचं ते भिंतीवरच्या पट्टीतून. पट्टीवर दिवसभराची चित्रं ओळीने चिकटवलेली असत: अंगण, वाचन, जेवण, पोहणं. प्रत्येक चित्राशेजारी एक छोटा फोटो, ते काम ज्याच्यासोबत करायचं त्याचा. काम संपलं की चित्र आणि फोटो ओढून काढायचे आणि ‘झालं’ असं लिहिलेल्या निळ्या डब्यात टाकायचे.

"तुझे फोटो ‘झालं’च्या डब्यात टाकू," नूराने सुचवलं. "तिच्याच हाताने. मग पाइवीचे लावू. याहून सोपं काय असणार?"

इर्मेलीलाही पटलं. गुरुवारी केर्तूने तिचे फोटो एकेक करून डब्यात टाकले, पाइवीचे लावले आणि पाइवीचं बोट धरून जेवायला गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. इर्मेली कॉफीच्या खोलीच्या दाराआडून बघत होती. तिला हायसं वाटलं, आणि थोडं लागलंही.

"बघितलंस? तुझ्यावाचून अडावं एवढी काही तू गोड नाहीस," नूरा तिच्या कानाशी म्हणाली.

शुक्रवारी, आपल्या शेवटच्या दिवशी, इर्मेली कामावर आली तेव्हा केर्तू पट्टीसमोर उभी होती. पाइवीचे फोटो काढून तिने जमिनीवर नीट ओळीत मांडले होते, आणि डब्यातल्या इर्मेली एकेक करून पट्टीवर दाबून बसवणं चाललं होतं. चेहऱ्यावर काळजी नाही, हट्ट नाही. रोज सकाळचं काम रोजच्यासारखं चाललेलं.

इर्मेली जवळच्या बाकावर मटकन बसली.

"काय शहाण्या गं आपण दोघी! रोज सकाळी डब्यातलं काढून परत पट्टीवर लावायचं, हे तिला शिकवलं कोणी?"

"तू," नूरा हळूच म्हणाली.

"मीच. ‘झालं’ म्हणजे उद्या परत. चांगलं घोटून घेतलंय मी तिच्याकडून."

"मग आता? दुपारी तुझ्या निरोपाचा केक आहे. मुख्याध्यापक भाषण पाठ करून आलेत."

"त्यांना म्हणावं, आणखी एकदा घोका." इर्मेली उठली. "पाइवी, कोट घाल. आपण तिघी माझ्या घरी जातोय."

केर्तूच्या आईला फोन केला. ती म्हणाली, "ने की. फक्त तुझा तो गोड पुल्ला-पाव खायला घालू नकोस, नाहीतर माझी पोर तुझ्याकडेच राहील."

इर्मेलीने आपल्या खुंटीवरची पिशवी, वर्गात घालायचे लोकरी पायमोजे आणि कॉफीचा कप बर्फावरच्या घसरगाडीत ठेवला. "हे इर्मेलीचं. इर्मेलीच्या घरी," ती म्हणाली. केर्तूने दोरी धरली. शाळेमागच्या स्कीच्या वाटेने गाडी ओढत ती पुढे चालली आणि दोघी बाया मागून. घर दिसेपर्यंत कोणी बोललं नाही. फिनिश माणसांना त्याचं काही वाटतही नाही.

घरात केर्तूने एकेक वस्तू स्वतः ठेवली. पिशवी खुंटीला, पायमोजे सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, दारापाशी, कप ओट्यावर. मग इर्मेलीने कागदाची लांब पट्टी कापली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून पेन्सिलीने चित्रं काढली. कॉफी. बर्फाचं फावडं. विणकाम. सौना. पट्टी फ्रिजच्या दारावर चिकटवली. खिशातून आपला एक फोटो काढून केर्तूच्या हातात दिला.

"सोमवारी केर्तू शाळेत. केर्तूसोबत पाइवी," ती सावकाश म्हणाली. "सोमवारी इर्मेली इथे. ‘झालं’ नाही. इथे."

केर्तूने फोटोकडे पाहिलं. मग खुंटीवरच्या पिशवीकडे, मग ओट्यावरच्या कपाकडे. तिने निळा डबा शोधला नाही. पट्टीच्या अगदी वर, सगळ्या चित्रांच्या आधी, तिने तो फोटो अंगठ्याने दाबून बसवला.

"इर्मेली इथे," ती म्हणाली.

पाइवीने डोळे टिपले. इर्मेलीच्या छातीवरचं ओझं उतरलं. आता सोमवारी पोर खुंट्यांखाली बसणार नव्हती. आपली माणसं कुठे असतात हे तिला ठाऊक झालं होतं. इर्मेली टेबलाला धरून उठायला लागली.

पण केर्तूचं अजून संपलं नव्हतं. तिने कॉफीवर बोट ठेवलं आणि ते बाजूला सरकवलं, जिथे वर्गातल्या पट्टीवर माणसाचा फोटो असतो. तिथे नुसता कागद होता. बोट फावड्यावर आलं, बाजूला सरकलं. कागद. विणकाम. कागद.

"तिथे मीच," इर्मेली म्हणाली. "मी."

केर्तूने नाही म्हणून मान हलवली. ‘मी’ तर वर लावून झाली होती. तिने स्वयंपाकघरभर नजर फिरवली, खिडकीपाशी ओढलेली एकच खुर्ची पाहिली, आणि रिकाम्या जागेवरचं बोट न उचलता विचारलं,

"इर्मेलीसोबत कोण?"