कडक स्प्रिंगा

दिलदार मिस्त्रीनं हातातला पाना असा भिरकावला की गॅरेजचा पत्रा घणाणला. समोर डॉक्टर श्यामलाबाईंची फियाट उभी होती. उसाच्या ट्रकमागं जाड दोराचा सोल बांधून मलकापूरच्या रस्त्यावरून ओढत आणलेली. तीन महिन्यांपूर्वी हेच इंजिन दिलदारनं स्वतःच्या हातानं बांधून दिलं होतं.

गाडीशेजारी बाईंचे यजमान, त्र्यंबक वकील, पान चघळत उभे होते. त्या पानानं तर दिलदारचं डोकं आणखीच फिरलं.

"खरं बोला वकीलसाहेब. ती मद्रासची कॅम कुणाकडनं बसवून घेतलीसा?"

"मी? अहो मिस्त्री, मी कशाला..."

"तुमीच! दुसरं कोण?"

संशयाला कारण होतं. वकिलांना वेगाचं वेड. इंजिन बांधायच्या वेळी त्यांनी मद्रासहून शर्यतीच्या गाडीची कॅमशाफ्ट मागवली होती आणि तेलकट कागदात गुंडाळून तान्ह्या पोरागत काखेत धरून आणली होती. "ही टाका, गाडी उडाली पाहिजे." दिलदार तेव्हाही भडकला होता. "गाडी चालवतंय कोण? बाई. रोज कसबा बावडा ते मलकापूर, म्होरं बैलगाड्या, वर चढ. ही कॅम इंजिन बोंबलायला लागल्यावर जागी हुतीया, तवर झोपलेली. बैलगाडीमागं चढावर गाडी बंद पडंल, मग उडा पायानं!" श्यामलाबाई हसल्या होत्या. "मला उडायचं नाही मिस्त्री. चढ तेवढा नीट चढू दे."

मग निवड दिलदारनंच केली. गाडीचीच कॅम घासून घेतली. व्हॉल्व्ह उचलणारी तिची नाकं अगदी केसभर उंच केली. व्हॉल्व्ह परत बसवणाऱ्या स्प्रिंगा तारकाम करणाऱ्या करीमकडून नव्या वळवून आणल्या. दोन महिने गाडी लोण्यासारखी चालली. मग टकटक सुरू झाली, ओढ गेली आणि काल चढावर गाडी बसली.

तेवढ्यात श्यामलाबाई दवाखान्यातून आल्या. साडीच्या काठाला चिखल तसाच होता.

"काल एक बाळंतीण अडली होती, मिस्त्री. मी दूधवाल्याच्या फटफटीवर मागं बसून गेले. दोघं वाचली. पण आणखी अर्धा तास गेला असता तर..." त्यांनी साडीचा काठ झटकला. "भांडण कुणाचं का असेना. परवा सकाळी मला गाडी पाहिजे. आणि तिच्यावर भरवसा बसत नसेल, तर तसं सांगा. मी एसटीनं जाईन."

भरवसा हा शब्द दिलदारला चटका लावून गेला. तीस वर्षांत कुणी त्याच्या कामापुढं एसटीचं नाव काढलं नव्हतं.

"बाई, ह्यात माझा हात चुकला असंल तर ही मिशी उतरीन!" तो गरजला. सगळ्या शिवाजी पेठेला माहीत असलेली मिशी होती ती.

इंजिन उघडलं. कॅम बाहेर आली. तिच्या टोकाला दिलदारनं ठोकलेली खूण होती. त्याचीच कॅम. मात्र नाकं उंदरांनी कुरतडल्यागत झिजलेली.

वकिलांनी पान थुंकलं. "दिसली का मद्रास?"

"तेल हलकं घातलं असंल कुणीतरी!"

"तेल तुम्हीच घातलंत."

दिलदारनं एक स्प्रिंग अंगठ्यानं दाबून बघितली. दबेना. त्यानं ड्रिल मशीनखाली वजनकाटा ठेवला, वर स्प्रिंग उभी केली आणि दांडा ओढून ती इंजिनात बसते तेवढी दाबली. शेहेचाळीस किलो. डब्यात ठेवलेली गाडीची मूळची स्प्रिंग तेवढीच दाबली. अठ्ठावीस. म्हणजे तीन महिने त्या बिचाऱ्या कॅमच्या डोक्यावर पैलवान नाचत होता.

"करीम!" ही हाक तीन गल्ल्या पलीकडं गेली असावी.

करीम आला तो हात पुसतच. दिलदारनं स्प्रिंग त्याच्या नाकासमोर नाचवली. "ही काय ट्रकची हाय व्हय रं? एवढी जाड तार कुणी सांगितलती?"

"तू."

"मी?"

"निरोप तुझाच की. करीमला म्हणावं, फियाटला स्प्रिंगा कडक दे. दिल्या कडक."

"अरं मर्दा, कडक म्हंजे चांगल्या! एक नंबर! पैलवान कडक, कुस्ती कडक, तसं!"

"आनि चहा कडक म्हंजे काय? पत्ती जास्त. मी तार जास्त घातली. माझं काय चुकलं सांग."

दिलदारनं हातातली स्प्रिंग उलटसुलट करून बघितली. कॅमसाठी त्यानं आठ दिवस डोकं घातलं होतं, वकिलांशी भांडला होता. आणि स्प्रिंगा एका शब्दावर आणल्या, काट्यावर न घालता बसवल्या. आता राग काढायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यानं स्वतःच्याच कपाळावर काळा तळहात मारला.

"वकीलसाहेब, तुमच्यावर नाहक आळ घेतला. चुकलं माझं."

वकिलांनी मिशीकडं बघितलं. "आणि तो शब्द?"

"आदी गाडी. मिशी कुठं पळून जातीय!"

दुसरी कॅम घासून आली, तिच्या नाकांना टेकणारे टॅपेट बदलले. करीमनं नव्या आठ स्प्रिंगा वळल्या आणि दिलदारनं आठीच्या आठी काट्यावर दाबल्या. एक चौतीस निघाली, ती त्यानं करीमच्या अंगावर फेकली आणि दुसरी वळून घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंशेजारी बसून चढावर गेला. पुढं बैलगाडी आडवी आली. "हिच्या मागं राव्हा बाई, आता क्लच हळूहळू सोडा," तो इंजिनाकडं कान लावून म्हणाला. इंजिन चालत्या बैलाच्या वेगात गुरगुरलं, अडखळलं नाही, आणि वाट मिळताच वर चढलं.

"एसटीचा पास नको आता," बाई म्हणाल्या.

परत येऊन तो सरळ कृष्णात न्हाव्याच्या खुर्चीत बसला. दाराशी पेठेतली पाचपन्नास माणसं आणि सगळ्यांत पुढं वकील.

कृष्णातनं मिशीला साबण फासता फासता वस्ताऱ्याकडं बघितलं. "मिस्त्री, जपून करतो. वस्तारा कडक हाय बघा."

दिलदार अर्ध्या साबणासकट उठून उभा राहिला.

"धारदार म्हण लेका, धारदार! त्यो दुसरा शब्द काढलास तर आदी तुझी मिशी उतरीन!"

आणि मग खाली बसून त्यानं डोळे मिटले. "हां. चालू कर."