सुकेशनीबाईंची काळी पाच

मी एक जुना कीबोर्ड आहे. परभणीतल्या एका वाद्यांच्या दुकानात मागच्या भिंतीला मला उभं टेकवून ठेवलंय. दुकानदार सिताराम माझ्या पट्ट्या सुट्या भागांसाठी काढून घेणार आहे. तेव्हा मित्रांनो, मला जरा भराभर बोलू द्या.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. ते मला आठवत नाही आणि त्याचं मला कौतुकही नाही. मी खरा जगलो तो पालमच्या सिद्धोधनच्या हाताखाली. तो वाजवायचा, त्याची बायको सुकेशनीबाई गायच्या, अशी त्यांची गायन पार्टी. जयंतीच्या कार्यक्रमांचे दिवस आले की आमचा पाय घरात ठरत नसे. एसटीत मी दोघांच्या मांडीवर आडवा पसरायचो आणि कंडक्टरची बोलणी खायचो. पण मंचावर काय रुबाब होता माझा! बाई माईकपुढे उभ्या राहून माझ्याकडे न बघताच म्हणायच्या, "काळी पाच." म्हणजे माझी पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा. तिथून त्यांचा आवाज असा चढायचा की मांडवाबाहेर चहा पिणारे लोक कप हातात घेऊन आत यायचे.

गेल्या साली बाईंच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. आवाज राहिला, पण वरचे सूर गेले. काळी पाच काही केल्या पेलायची नाही. बाई भिंतीकडे तोंड करून रडायच्या. "गाणं गेल्यावर माझ्यात काय उरलंय वो?" असं त्या नवऱ्याला विचारायच्या.

एक दिवस त्याने वेगळीच शक्कल लढवली. माझ्या अंगावर सूर वर-खाली करायची बटणं आहेत. खालचं बटण त्याने गुपचूप दोनदा दाबलं. आता बोट काळी पाचवरच, पण सूर निघायचा काळी चारचा. माझा आकडे दाखवणारा पडदा केव्हाच मेलेला, त्यामुळे कुणाला काही कळायची सोय नव्हती. बाईंनी सा लावला. लागला! वरचाही लागला! "माझी काळी पाच परत आली," असं सांगत त्या गल्लीभर फिरल्या. मी बंद झालो की हे सगळं विसरतो. म्हणून सिद्धोधन दर कार्यक्रमाआधी मला सुरू करायचा, बटण दाबायचा आणि मगच बाईंना हाक मारायचा. किती प्रेमाने करायचा तो हे काम!

पण माझं वय झालं. वालूरचा सामना तोंडावर आला आणि माझी एक पांढरी पट्टी मुकी झाली. सामना म्हणजे एकाच मंचावर दोन पार्ट्या. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच जवाब द्यायचा. तिथे जी अडखळली तिला पुन्हा कुणी बोलावत नाही.

मला घेऊन दोघं या दुकानात आले. सितारामने मला उघडून पाहिलं आणि मान हलवली. मग नवा कीबोर्ड निवडायचं ठरलं. बाईंना पहिल्याच नजरेत एक आवडला, मोठ्या लख्ख पडद्याचा. सूर किती खाली केलाय तो आकडा त्यावर हा एवढा दिसायचा. सिद्धोधन लगेच त्याला नावं ठेवायला लागला, कारण बाई त्याच्या शेजारीच उभ्या राहून गातात.

"याच्या पट्ट्या जड हायत," तो म्हणाला.

"दाबून तर बघा. लोण्यावानी हायत."

"याला सोताचा स्पीकर न्हाई."

"मंडपात मोठे स्पीकर असतेत की."

"लय लांब हाय. एसटीत कुठं ठेवायचा?"

"तुमाला माझं गाणंच नको झालंय का?" बाईंनी विचारलं. त्यांनी स्वतःच त्या नव्या कीबोर्डची काळी पाच दाबून धरली आणि नमन सुरू केलं. वरच्या सुराला आवाज फाटला.

"याच्यात खोट हाय," बाई म्हणाल्या. "आपला जुना लावा."

मित्रांनो, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली ते कसं सांगू? त्यांनीच माझी वायर जोडली, त्यांनीच मला सुरू केलं. सिद्धोधनचा हात बटणाकडे सरकला, तोवर बाईंनी मला आपल्याकडे ओढून घेतलं होतं. लाईट जाऊ दे, मी मनात ओरडत होतो, माझी काळी पाचसुद्धा मुकी होऊ दे! बाईंनी पट्टी दाबली. बटण दाबलेलं नव्हतं, मग मी काय करणार? जो सूर नव्या कीबोर्डने दिला तोच मी दिला. बाईंचा आवाज त्याच जागी फाटला.

माझ्या बटणाकडे आलेला नवऱ्याचा हात त्यांना दिसला. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "कवापासून?"

"दवाखान्यातून आल्यापासून. तू रडायलीस, मला बघवंना."

"अन् लोक टाळ्या वाजवायलेत त्या?"

"त्या तुझ्या गाण्याला. पट्टी कोण बघायलंय, सुकेशनी?"

"मी बघत हुते." एवढं बोलून त्या सितारामकडे वळल्या. "हाच द्या, आकड्याचा. हितून पुढं मला कळलं पायजे." आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या. सिद्धोधन नवा कीबोर्ड खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे धावला. त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, आणि त्याचा मला राग नाही.

वालूरचा सामना होऊन गेला असेल. इथे कुणी त्याबद्दल बोलत नाही. जुन्या वाद्यांवर धूळ बसू देऊ नका, त्यांना जपा, असं मी आता म्हणायला हवं. पण माझी धूळ राहू द्या. मित्रांनो, वालूरकडचं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर त्याला एवढं विचारा, की सुकेशनीबाई त्या दिवशी माईकपुढे उभ्या राहिल्या का? आणि दुकानात येऊन मला मोठ्याने सांगा. लवकर या, सितारामने स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतलाय. पट्टी कुठलीही असू दे. बाई गायल्या, एवढंच मला सांगा.