वस्तरा गळ्याशी असताना

"गाणं सुरू झालं की तुम्ही वस्तरा फिरवायला लागायचं काका, आणि हा गात राहणार," कॅमेरा सांभाळणारी मुलगी म्हणाली.

"वस्तरा गळ्याशी असताना गाणार?"

"हो. तीच तर गंमत आहे."

लोणीकाकांनी खुर्चीत बसलेल्या गायकाकडे पाहिलं. गळ्याभोवती पांढरं कापड, मुद्दाम वाढवलेली दाढी आणि चेहऱ्यावर कशाचीच काळजी नाही.

त्यांच्या सलूनमध्ये कडक म्हणावा असा एकच नियम होता. वस्तरा गळ्याशी असताना गिऱ्हाइकाने बोलायचं नाही आणि कारागिरानेही नाही. एरवी जगातल्या कुठल्याही विषयावर भांडायची मुभा होती. त्यांचा हात इतका हलका, की दाढी करता करता गिऱ्हाइकं घोरायला लागत. वस्तरा लोण्यातून फिरावा तसा फिरतो, असं कोणीतरी कधीतरी म्हणालं आणि ते लोणीकाका झाले. खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं.

पण गेल्या हिवाळ्यापासून तो हात ऐकेनासा झाला होता. आधी चहाच्या कपाला कळलं, मग कात्रीला. मग एक दिवस जुन्या गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर रक्ताचा थेंब उमटला. "असू दे हो, चालायचंच," तो म्हणाला, पण परत काही आला नाही. तेव्हापासून दाढीची सगळी गिऱ्हाइकं धाकट्या भावाच्या खुर्चीत जात होती. भावाला त्यांनी पाठदुखीचं कारण दिलं होतं. डॉक्टरकडे एकटेच जाऊन आले होते. कोणासमोर बसायची वेळ आली की उजवा हात डाव्याखाली दाबून धरायचा, ही सवय आता अंगवळणी पडली होती.

लेकीला तर काही कळूच द्यायचं नव्हतं. हा गाण्याचा व्हिडिओ म्हणजे तिच्या दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा, आणि परीक्षा झाली की लांबच्या शहरात नोकरीवर हजर व्हायचं होतं. आई गेल्यापासून घरात दोघंच. हाताचं कळलं असतं, तर भरलेली बॅग उघडून कपडे पुन्हा कपाटात लावून ती मोकळी झाली असती. हट्टीपणात बापावर गेली होती, त्यामुळे बापाला तिची खात्री होती.

पण व्हिडिओत न्हाव्याचं काम करणारा नट नेमका आजच तापाने फणफणला. स्टुडिओ आजच्यापुरताच मिळालेला. सकाळी लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला अभिनय करायचाच नाहीये. रोज करता तेच करायचं." रोज करता म्हणे! नाही म्हणायला लोणीकाकांना एकही कारण सुचलं नव्हतं.

आणि इथे येऊन पाहतात तर तिने त्यांच्याच सलूनचा एक कोपरा उभा केलेला. तसाच आरसा, तसाच पावडरचा डबा, एवढंच काय, खुंटीवर एक फुगासुद्धा लटकवलेला. लहानपणी ती हट्ट धरून दाढी शिकली होती, ती फुग्याला फेस लावून. फुगा फुटला की रडायची आणि डोळे पुसून दुसरा फुगवायची. लोणीकाकांना भरून आलं, पण भीती त्याहून मोठी होती.

"गाणं दुप्पट वेगाने वाजणार बाबा," लेक समजावत होती. "हा तेवढ्याच घाईने ओठ हलवणार. नंतर चित्राचा वेग निम्मा केला की ओठ गाण्याशी बरोबर जुळतात आणि बाकी सगळं संथ दिसतं. तुमचा हातसुद्धा."

"माझा हात कशाला दाखवायचा?"

"गाणं तुमच्या हातावरच आहे."

लोणीकाकांनी गायकाच्या गालावर ब्रश फिरवून फेस चढवला, आणि वस्तरा उचलायच्या निमित्ताने सगळ्यांकडे पाठ केली. पावडरच्या डब्याआड वस्तऱ्यातलं पातं काढलं. एकदा निसटलं, दुसऱ्यांदा जमलं. कागदात गुंडाळून खिशात टाकलं. आता हात कसाही वागला तरी फार तर फेस निघाला असता.

चिरक्या आवाजात गाणं धावायला लागलं. गायकाचा जबडा भराभर वरखाली होत होता. लोणीकाकांनी श्वास रोखून वस्तरा गालावरून खाली आणला, मग गळ्यावर. पातं नाही, पातं नाही, असं मनात घोकत होते आणि तरीही पाठीवरून घामाचे ओघळ वाहत होते.

"कट!"

सगळे पडद्यासमोर जमले. चित्र संथ चालू झालं. ओठ खरंच जुळत होते. पण लोणीकाकांना दिसत होता तो फक्त हात. घाईत एरवी नजरेतून सुटली असती ती थरथर इथे मोठी होऊन, सावकाश, एकेक झोका दिसेल अशी चालली होती.

"काय लय आहे काकांच्या हाताला!" कॅमेरावाली म्हणाली. "ठरवून करता का?"

लोणीकाकांनी हसल्यासारखं काहीतरी केलं. लेकीने तेवढाच तुकडा पुन्हा लावला.

तेवढ्यात गायकाने टॉवेलने तोंड पुसलं आणि आरशात पाहिलं. "काका, दाढी तर जशीच्या तशी आहे."

"मीच पातं काढायला सांगितलं होतं," लेक पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तू गळा हलवत होतास ना." बापासारखीच सहज खोटं बोलली. मग म्हणाली, "चहा घ्या सगळे. बाबा, जरा इकडे या."

दिव्यांच्या मागे, अंधाऱ्या बाजूला, ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाबा."

"हिवाळ्यापासून."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. गोळ्या चालू आहेत. सावकाश वाढेल म्हणाले. बरं नाही व्हायचं."

"मला कधी सांगणार होतात?"

"तिकडे रुळलीस की."

"मी नाही जात आता."

"झालं? म्हणूनच नव्हतं सांगितलं." त्यांचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "दुकान बघायला तुझा काका आहे. माझ्या हातापायी तुझं सगळं अडलं, तर मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

तिने बाहीने डोळे पुसले आणि दिव्यांत परत गेली.

"शॉट बदलतेय," ती सगळ्यांना म्हणाली. "बाबा खुर्चीत बसतील. दाढी मी करणार. तू मागे आरशाशी उभा राहून गा."

"तुला येते?" कॅमेरावालीने विचारलं.

"फुग्यावर शिकलेय."

"अगं, मी सकाळीच करून आलोय," लोणीकाका म्हणाले. पण तिने तोवर त्यांना बसवून गळ्याभोवती कापड बांधलं होतं. बोटांनी त्यांच्या हनुवटीखाली चाचपलं. तिथे खुंट राहिले होते, पट्टेच्या पट्टे. तिची बोटं तिथेच थांबली, मग तिने ब्रश ओला केला.

तिने वस्तऱ्यात नवं पातं घातलं. गाणं धावायला लागलं. तिने त्यांची हनुवटी वर केली, कातडी ताणून धरली, अगदी त्यांनी शिकवलं होतं तसं. वस्तरा खाली उतरला आणि फेसातून स्वच्छ पट्टा निघाला. तिचा हात हलका होता.

"जाणार ना तू?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"वस्तरा गळ्याशी असताना बोलायचं नसतं, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. कापडाखाली उजवा हात थरथरत होता. आज त्यांनी तो दाबून धरला नाही.