उसना नमुना

लघवीच्या नमुन्याच्या डबीला बाहेरून एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर एकाखाली एक ठिपके. नुकतीच दिलेली लघवी अंगाइतकी कोमट असते, आणि तेवढ्या उष्णतेचा ठिपका हिरवा होतो. घरून खिशात घालून आणलेली लघवी गार झालेली असते, मग एकही ठिपका उमटत नाही. कप्तानच्या डबीवरही एकही ठिपका उमटला नव्हता, पण मी ती हातात घेतली तर ती नुकत्याच ओतलेल्या चहाच्या कपासारखी लागली. गार पडू नये म्हणून त्याने बाटली गरम पाण्यात धरली होती. जरा जास्तच वेळ.

"ताप आहे का तुला?" मी खिडकीतून विचारलं.

"छे! ठणठणीत आहे."

"इतकी गरम असेल तर माणूस चालत येत नाही. त्याला आडवा आणतात."

तो हसला. कप्तान कशालाही हसतो. शाळेत तो खेळाच्या संघाचा कप्तान होता आणि माझा धाकटा भाऊ त्याच्या संघातला सगळ्यात वेगवान मुलगा. त्याच मैदानामागे त्याने धाकट्याला गांजाचा पहिला झुरका दिला. पुढे धाकट्याला आवाज ऐकू यायला लागले, भिंती त्याच्याबद्दल बोलायला लागल्या. गांजा कप्तानही ओढत होता, पण त्याला काही झालं नाही. काहींना होतं, काहींना होत नाही, हे मी पुस्तकात शिकले आहे. शिकल्याने राग कमी होत नाही.

आता त्याला क्रेन चालवायची नोकरी हवी होती, आणि कंपनीने त्याला नशेच्या तपासणीसाठी आमच्याच प्रयोगशाळेत पाठवलं होतं. खरं सांगायचं तर या दिवसाची मी वाट बघत होते.

"हा नमुना चालणार नाही. दुसरा द्यावा लागेल, आमचा माणूस समोर उभा राहील," मी म्हणाले. "आणि पहिला बदललेला होता हे प्रयोगशाळेच्या मॅडम अहवालात लिहितील."

तो खिडकीवर वाकला. "लिहू दे ना ताई. मग कंपनी विचारेल, कोणाचा होता? मी सांगेन. तुझ्याच भावाची बाटली आहे ती. तुमच्या दवाखान्यात त्याला कामावर ठेवलंय ना? कशाच्या अटीवर ठेवलंय आणि ती त्याने कशी मोडली, माहीत आहे मला."

मी आवाज नेहमीसारखाच ठेवला. "पाणी पी आणि बस तिथे."

मानसोपचाराचा दवाखाना आमच्याच आवारात आहे आणि मागच्या बाजूला त्यांचा पुस्तकबांधणीचा वर्ग. बऱ्या होत चाललेल्या रुग्णांना तिथे काम मिळतं. अट एकच, नशा नाही. धाकटा तिथे छापील कागदांचे फर्मे दुमडायचा, आणि त्याची घडी इतकी सरळ यायची की शिकवणारे काका ती दुसऱ्यांना दाखवायचे.

आज मी तिथे गेले तेव्हा मात्र काका हात धूत धूत वैतागले होते. "बघ बाई, तुझा भाऊ बेसिनमध्ये कागद कोंबतोय. काल काढले, आज परत."

मला पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती. बेसिनच्या भोकातून कोणीतरी बोलत होतं, आणि तो त्याचं तोंड बंद करत होता.

मी त्याच्या शेजारी बसले. ओरडायचं नाही, आधी विचारायचं, असं त्याच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला शिकवलं होतं.

"कप्तानला बाटली दिलीस?"

"त्याने मागितली." त्याने खळीने माखलेली बोटं पँटला पुसली. "म्हणाला, तुझी म्हणजे सोनं आहे. माझ्याकडे कोणी कधी काही मागत नाही गं ताई."

"आणि त्याने काय दिलं?"

त्याने दोन बोटं ओठांशी नेली. "बाटली देऊन झाल्यावर. थोडीच. बक्षीस म्हणाला."

त्या क्षणी मला कप्तानची नोकरी जायला नको होती. ती फार लहान शिक्षा होती. क्रेनच्या उंच केबिनमध्ये तो एकटा बसलेला असावा आणि प्रत्येक बटण त्याच्याशी बोलायला लागावं, असं मला वाटत होतं. मी ते चित्र नीट, सावकाश बघून घेतलं. मला बरं वाटलं.

"गांजाने तुला काय मिळतं?" डॉक्टरीणबाईंनी त्याला हे पहिल्याच भेटीत विचारलं होतं. तो म्हणाला होता, "सोबत." तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की मग आधी सोबतीचा निर्णय घ्यायला हवा, आणि तो तुझ्याच तोंडून यायला हवा. आई घाबरली होती. "बाकी सगळ्यांनी पाठ फिरवली, हा कप्तान एकटा दार वाजवतो. त्यालाही हाकललं तर याच्याशी बोलणार कोण?" त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघाला की कोणीतरी "आज नको" म्हणायचं. बहुतेक वेळा मीच म्हणायचे.

"तो माझं नाव सांगेल?" धाकट्याने विचारलं.

"सांगेन म्हणालाय."

"मग काम जाईल."

"माहीत नाही. औषध वाढेल, ते नक्की."

तो उठला आणि माझ्यापुढे चालायला लागला.

कप्तान बाकावर पाय पसरून बसला होता. "या या, वाघोबा! सांग तुझ्या ताईला, किती ताणून धरायचं ते."

धाकटा खिडकीपाशी गेला. आत मॅडम उभ्या होत्या. त्यांनाच तो म्हणाला, "ती बाटली माझी आहे, मॅडम. मी दिली. आणि त्यानंतर मी ओढलंय. डॉक्टरीणबाईंना पण सांगा."

"अरे, वेड लागलंय का तुला?" कप्तान उठला. त्याचं हसू पहिल्यांदाच अर्धवट राहिलं, आणि ते मी डोळे भरून पाहिलं.

"हो, लागलंय," धाकटा म्हणाला. त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले. "कप्तान, तू आता घरी येऊ नकोस. इथेही नको. मी एकटा राहीन, पण तू येऊ नकोस."