उमापूरला नेलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, घडी होणारी लोखंडी खुर्ची आहे. मला नीट सांगता येईल का, शंकाच आहे. तरी ऐका.

बीडच्या एका कारागिराने मला घडवले. समाजकार्य शिकवणाऱ्या भीमाशंकर सरांनी मला विकत घेतले. स्कूटरला बांधून ते मला गावोगाव नेत आणि म्हाताऱ्यांच्या बाजेशेजारी मांडून बसत. "हे कसलं संशोधन? नुसत्या गप्पा," असे सोबतचे प्राध्यापक म्हणत. सर मला स्कूटरला बांधून निघत. त्यांना स्वतःलाही खात्री नसायची.

उमापूरच्या आश्रुबांना विसरायला होत असे. ते सहकारी साखर कारखान्याचे सभासद होते. दुष्काळात ऊस वाळला, कारखाना बंद पडला, मुलगा ऊसतोडीला दूर गेला. आश्रुबा मात्र रोज विचारत, "भोंगा झाला का?"

"मामा, कारखाना कवाच बंद पडलाय. कितीदा सांगू?" सून गीताबाई म्हणायची.

"बंद? मंग माझा ऊस कोण नेईल?" असे म्हणून ते रडत. रोज ती बातमी त्यांना नवीनच असायची.

एकदा सरांनी विचारले, "आश्रुबा, कारखान्यात उसाची पहिली मोळी टाकली, त्या दिवशी काय झालं?"

आश्रुबा उठून बसले. "लई गर्दी. मी सगळ्यांच्या म्होरं. काट्यावरचा सोलापूरचा चन्नप्पा म्हणला, धोतर तरी धुवून यायचं की बे."

गीताबाई हसली. "हे मला कधी सांगितलं न्हाई तुमी."

"तू कवा इचारलं?"

त्या दिवशी ते रडले नाहीत. पुढे गीताबाई स्वतःच विचारू लागली. सरांनी हे वर्गात शिकवले, परिषदांत सांगितले. त्यांचे सत्कार झाले. मी कोपऱ्यात घडी होऊन असायची, पण मला बरे वाटायचे.

आता सर थकले आहेत. माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो. सकाळी सर चप्पल घालून दाराशी येतात. "उमापूरला जायचंय. आश्रुबा वाट बघत असतील."

"बाबा, आश्रुबा कधीच गेले," मुलगा उत्तरेश्वर सांगतो. तो वाईट नाही, दमलेला आहे.

"गेले? मला कळवलं का नाही कुणी?" सर तिथेच भिंतीला टेकतात. काल टेकले होते, परवाही.

मला बोलता येत असते, तर मी उत्तरेश्वरला हाक मारली असती. मित्रांनो, तुम्हाला येते. कुणाच्या घरी असे दिसले, तर कपडे उचला, खुर्चीवर बसा आणि विचारा, आश्रुबा कसे होते?