चांगली खबर

मनकर्णाबाईला रानात पाऊल टाकायची मुभा नव्हती आणि कोशाच्या रेशमाचा धंदा तर सगळा रानातच होता. कोशाच्या अळ्या येनाच्या झाडांवर चढवल्या की कोसे बांधून होईपर्यंत ढिवरांच्या बायांनी तिकडे फिरकायचं नाही, असा नेम होता. पुरुषांनी दाढी करायची नाही, घरी यायचं नाही आणि मासे खाऊन वाढलेल्या त्या जिभांनी माशाचं नावही काढायचं नाही. बायांनी भात रांधून शिवेवरच्या मोहाच्या झाडाखाली नेऊन द्यायचा आणि तिथूनच परत फिरायचं. सावली गावाजवळच्या त्या खेड्यातली कोसेवाली मंडळी मनकर्णाबाईचा नवरा वारल्यावर फुटायला निघाली होती. तिनं ती धरून ठेवली. विणकरांशी भाव ती ठरवायची, बियाण्याचे कोसे ती निवडायची, कोणत्या झाडांची राखण कोणी करायची तेही तीच सांगायची. कधी न पाहिलेल्या रानाचा कारभार करणारी अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

लाकडाच्या ठेकेदाराचा माणूस दर हंगामात गावात यायचा. कोसा बुडणार अशी नुसती कुणकुण लागली तरी माणसं कुऱ्हाडी घेऊन त्याच्यामागं जायची आणि गेलेली परत यायची नाहीत. म्हणून मनकर्णाबाईनं एक शिस्त लावली होती. रानातून रडकं तोंड घेऊन शिवेवर यायचं नाही.

"हिंमतीचा धंदा हाये हा," ती म्हणायची. "म्होरक्याच्या तोंडावर भेव दिसलं का माणसं पयालीच समजा."

ऐकायला छान वाटतं. मलाही तेव्हा छानच वाटलं होतं. पण लटारू नावाचा एक काळजीखोर माणूस एकदा पानावर मलूल पडलेली अळी घेऊन शिवेवर आला, तेव्हा बाईनं सगळ्यांसमोर त्याची अशी बिनपाण्यानं केली की तो मान खाली घालून गेला आणि पुढच्याच आठवड्यात ठेकेदाराकडे कामाला लागला. मंडळीतला वारलू नावाचा तरणा गडी तिथंच उभा होता, भाताची टोपली घ्यायला आलेला. त्यानं हसून सांगितलं, "आमच्याकडं झकास हाये, बाई." बाईनं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून वारलू तिचा.

तिनं त्याला घडवलं, हे खरंच आहे. चुणचुणीत होता, माणसं त्याचं ऐकायची. तिनं त्याला बाजारात नेलं, भाव करताना गप्प कधी बसायचं ते शिकवलं, म्हाताऱ्यांना मान देऊन काम कसं करून घ्यायचं ते शिकवलं. तिला स्वतःला धाप लागायची. चुलीपासून उठताना भिंत धरावी लागायची. आपल्यामागं वारलूनं मंडळी सांभाळावी, एवढी एकच आस तिला उरली होती. पोटचं लेकरू नव्हतं, त्यामुळं ती आस जरा जास्तच होती.

चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या साली पावसाळा लांबला. वारलू शिवेवर यायचा तो हसतच. "झकास, बाई. यंदा कोसा ठेवाले जागा पुरणार नाई."

पण एका दुपारी त्यानं टोपली घ्यायला हात पुढं केले आणि बाईची नजर त्या हातांवर गेली. राखेनं घासून घासून कातडी फाटली होती. नखांत काळं होतं आणि त्या हातांना सडका वास येत होता. तो वास तिला ठाऊक होता. सासऱ्याच्या हातांना एकदा असाच वास आला होता, आणि सासऱ्यानं त्याच दिवशी रोग लागलेल्या झाडांची रांग तोडून पुरून टाकली होती, म्हणून बाकीचं पीक वाचलं होतं.

"वारलू, खरं सांग. किडे मरून राह्यले का?"

"नाई बाई. झकास हाये."

तो टोपली घेऊन गेला. मनकर्णाबाई मोहाखालून निघाली आणि त्याच्यामागं रानात शिरली. आयुष्यात पहिल्यांदा.

येनाच्या डहाळ्यांवर अळ्या उलट्या लोंबत होत्या, पाणी झालेल्या. झाडाखाली ठिकठिकाणी उकरलेली माती होती. तिला सगळं कळलं. बाकीच्यांना लांबच्या टोकाला राखणीला बसवून वारलू पहाटे एकटाच मेलेल्या अळ्या वेचत होता, पुरत होता, आणि त्याच हातांनी जित्या अळ्या उचलून नव्या झाडावर ठेवत होता. कोणाला भीती वाटू नये म्हणून त्यानं रोग स्वतःच्या हातांनी झाडोझाड नेला होता. पहिल्याच दिवशी एक शब्द बोलला असता तर अर्धं रान वाचलं असतं. त्याला तो शब्द गिळायला कोणी शिकवलं, हेही तिला तिथंच कळलं, आणि ती त्या उकरलेल्या मातीशेजारी बसली.

तिला बसलेलं नथ्थूनं पाहिलं. तो मंडळीतला सगळ्यात वडील. त्यानं आधी बाईकडं पाहिलं, मग झाडांकडं, आणि बोंबच ठोकली. माणसं धावत आली.

"बाई रानात आली! विटाळलं रान! पाहा, सारे किडे मेले!"

"बाई, काऊन केलं असं?" कोणीतरी रडायलाच लागलं. "आमच्या लेकरायनं आता काय खावं?"

"मी चाललो उद्या ठेकेदाराकडं," दुसरा म्हणाला.

अळ्या तासाभरात सडत नाहीत, हे डोळे असलेल्या कोणालाही दिसलं असतं. पण रागावलेल्या माणसाला डोळे नसतात. मनकर्णाबाईनं वारलूकडं पाहिलं. खरं सांगितलं असतं तर त्याला त्यांनी तिथंच तुडवला असता, आणि मंडळी सांभाळायला माणूसच उरला नसता.

"माह्या पायानं झालं," ती म्हणाली. "पोरायचा दोष नाई."

वारलू आता बोलेल, असं तिला वाटलं. वारलू बोललाही.

"कोणी कुठी जाऊ नका," तो शांतपणे म्हणाला. "अहेरीकडून नवं बियाणं आणू. मी आणतो. अन् बाईले यापुढं कोशाले हात लावू देणार नाई. माहा शब्द हाये."

काय ठाम बोलला! आवाज कुठं हलला नाही. नथ्थूनं मान डोलावली. ठेकेदाराकडं निघालेला माणूस खाली बसला. मंडळी वाचली, म्होरक्या तयार झाला. बाईला जे हवं होतं ते सगळं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारलू बियाण्याच्या खोलीची किल्ली मागायला घरी आला. घरात दोघंच होती. बाईनं किल्ली दिली, पण हात सोडला नाही.

"मी कोणाले सांगणार नाई," ती म्हणाली. "मले एकटीले सांग. कधीपासून मरून राह्यले होते किडे?"

वारलूनं तिच्याकडं पाहिलं. तेच मोकळं तोंड, भीतीचा लवलेश नाही.

"तुम्ही रानात येईपर्यंत झकास होतं, बाई."

तो खोटं बोलत असता तर तिला बरं वाटलं असतं. पण ते आता त्याला खरंच वाटत होतं. त्यानं हलकेच आपला हात सोडवून घेतला आणि तो गेला. मनकर्णाबाई दार लावायला उठली, पण तिला दारापर्यंत जाववेना.