द्राक्षांची राखण

"एतू, घोस जरा वर घे. हाताला लागले तर चोरण्यात मजा काय राहिली?"

काल्मान काका खालून ओरडत होते. ते कामगारांच्या मदत मंडळाचे अध्यक्ष, आणि सुगीच्या नाचाला लुटुपुटीचे न्यायाधीशही. एतेलकाने शिडीवरून दोरी ताणली, तशी हॉलच्या छताखाली काळ्या द्राक्षांची रांग हलली. संध्याकाळी नाचता नाचता लोक हे घोस चोरणार, राखणदार त्यांना पकडून न्यायाधीशापुढे उभं करणार, आणि चार पैसे दंड भरून जो तो पुन्हा नाचायला मोकळा होणार.

राखणदाराची काठी तिच्या वडिलांची होती. आम्ब्रुश बोदनार ईस्टरनंतर गेले. काठी लेकीनं घ्यावी असं काल्मान काकांनी सुचवलं, तेव्हा तिनं आढेवेढे घेतले नाहीत. राखणदाराला कुणाकडेही टक लावून बघायची मुभा असते, आणि तिला एका माणसाकडे बघायचं होतं.

वडिलांचे जुने सोबती देझो काका दारातच टोपी हातात धरून उभे होते. तिची नजर वळताच ते बाकं लावायला निघून गेले.

"बघितलंस?" स्वयंपाकघरातून कोबीची भरलेली पानं घेऊन येताना बोरिश्का मावशी पुटपुटली. "हल्ली तुझ्या सावलीलाही उभा राहत नाही तो. मनात पाप असल्याशिवाय का?"

एतेलकाने दोरीची गाठ आवळली. तिलाही तेच वाटत होतं.

मंडळाच्या प्रत्येक सभासदाकडे फितीचा एक बिल्ला असे. मिरवणुकीला त्याची लाल-पांढरी-हिरवी बाजू वर लावायची, कुणाच्या मयतीला काळी. सभासद स्वतः गेला की त्याला मंडळाच्या झेंड्याखालून न्यायचं, आणि त्याचा बिल्ला काळी बाजू वर करून त्याच्याच कोटावर लावायचा आणि त्याच्याबरोबर मातीत जाऊ द्यायचा. वडिलांच्या अंत्ययात्रेच्या सकाळी तिनं कपाटातला पत्र्याचा डबा उघडला, तर तो रिकामा. शेवटच्या आठवड्यात वडिलांजवळ देझो काकांशिवाय बाहेरचं कुणी बसलं नव्हतं. आणि तिनं बिल्ला शोधायला घेतल्यापासून त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, सापडला का म्हणून. उलट स्वतःचा बिल्ला काढून पुढे केला, "माझा लाव." तिनं तो हात बाजूला सारला होता. "बाबांना उसनं चालत नसे."

वडील बिल्ल्याविना, रिकाम्या कोटानं गेले. कबरीपाशी कुणीतरी कुजबुजलं, "जन्मभर दुसऱ्यांची झडती घेतली, आणि याचाच बिल्ला गायब?" ते तिनं ऐकलं होतं. वडील मंडळाचे तपासनीस होते. कुणी आजारपणाची मदत मागितली, की न कळवता त्याच्या दारात जायचं आणि माणूस खरोखर अंथरुणात आहे का बघायचं, हे त्यांचं काम. गाव त्यांना मान देई, आणि त्यांची पावलं वाजली की पडदे ओढी.

संध्याकाळी व्हायोलिन सुरू झालं. पोरांनी घोस ओढले, पकडली गेली, हसत दंड भरून सुटली. एतेलकाचं लक्ष मात्र एकाच कोपऱ्याकडे होतं. शेवटी देझो काका उठले आणि टाचा उंचावून त्यांनी एका घोसाला हात घातला. तिनं काठी आडवी टाकली.

"सापडला! म्हातारा सापडला!" सगळ्यांनी गलका केला. तिनं त्यांना दंडाला धरून न्यायाधीशापुढे उभं केलं.

"राखणदार, आरोप काय?" काल्मान काकांनी कागदी मुकुट सावरला. "या वयात द्राक्षं? लाज नाही वाटत, देझो? दात तरी आहेत का?"

"द्राक्षं नाहीत," एतेलका म्हणाली. "बाबांचा बिल्ला."

हसणं थांबलं. व्हायोलिनवाल्यानं गज खाली घेतला. देझो काकांनी कोपऱ्यातल्या मंडळाच्या झेंड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"द्राक्षंच चोरली, साहेब," ते म्हणाले. "गुन्हा कबूल. पोरगी दमलीय सकाळपासून." नाणं टेबलावर ठेवून ते मागच्या दारानं बाहेर पडले.

ती पाठोपाठ गेली. मागच्या पायऱ्यांवर ते बसले होते.

"कुठे आहे तो, काका?"

"गाश्पारच्या कोटावर."

गाश्पार देझो काकांचा धाकटा भाऊ. पोलाद कारखान्यातून छातीचं दुखणं घेऊन मंडळाच्या मदतीवर घरी बसलेला. वडील तपासायला गेले तेव्हा तो अंगणात शिडीवर चढून वेल बांधत होता. त्याच महिन्यात ढोंगी ठरवून मंडळातून त्याचं नाव कापलं गेलं. गेल्या हिवाळ्यात तो वारला, तेव्हा ना झेंडा आला, ना बिल्ला.

"त्याला न्यायच्या दिवशी पहाटे तुझा बाप आला," देझो काका म्हणाले. "मला बाहेर काढलं नि स्वतःचा बिल्ला आपल्या हातानं त्याला लावला. मला म्हणाला, मी शिडी बघून परत फिरलो रे, खोकला ऐकायला थांबलोच नाही."

"मला का नाही सांगितलंत? तेव्हाच?"

"काढून टाकलेल्याला बिल्ला दिला म्हणून त्याचंही नाव कापलं असतं. ज्या झेंड्याखालून तू त्याला नेलंस ना, तो हॉलमध्येच राहिला असता. मग म्हटलं, बघू दे पोरीला माझ्याकडे चोरासारखं. मला काय, मी म्हातारा." टोपी गुडघ्यावर ठेवून ते म्हणाले, "माझा देत होतो गं. तूच नको म्हणालीस."

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. आतून काल्मान काकांनी हाक मारली. ती उठली. मग वळून तिनं त्यांच्यापुढे हात केला, आणि म्हातारा तो धरून उभा राहिला.

दाराशी तिनं स्वतःचा बिल्ला काढला, उलटा केला आणि पुन्हा टोचला.

"एतू, काळी बाजू वर आलीय," बोरिश्का मावशी दचकून म्हणाली. "नाच आहे आज."

"असू दे, मावशी. एका मयतीला लावायची राहिली होती."

छताला शेवटचा एकच घोस उरला होता, आणि देझो काका नेमके त्याच्याखाली येऊन उभे राहिले. एतेलकाने वडिलांची काठी दोन्ही हातांत धरली आणि झेंड्याकडे तोंड करून उभी राहिली. मागे दोरी ताणली गेली, तुटली. ती वळली नाही.